तूर भरडतानाचा आवाज

कुलदीपनं चंदेरी इयरफोन वडलांच्या, आप्पांच्या, कानांत हलकेच फिरवून बसवले आणि मोबाइलवर बोट टेकवलं. कल्याणप्पांनी डोळे मिटले.

तेरखेड्याच्या फटाका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासला होता. प्रत्येक घाण्यातला एक सुतळी बॉम्ब माळावर नेऊन पेटवायचा आणि आवाजावरून सांगायचं, दारू ओली राहिली की सुतळी सैल. आवाजाला पोट न्हाय, एवढं ते म्हणाले की सगळा घाणा परत. त्याच कामानं त्यांचे कान नेले. ऐकायचं मशीन लावलं की नुसता कल्ला होतो म्हणून ते डबीत पडून होतं.

कुलदीपचं पुण्यातलं काम जवळपास बापासारखंच. महागडे इयरफोन ऐकायचे आणि कुठला सरस ते लिहायचं. या खेपेला दोन जोड्या आणल्या होत्या, त्यातली एक उद्या कंपनीला परत धाडायची होती. ठेवायची कुठली, ते आप्पा ठरवणार होते. आईला, नीलम्माला, जाऊन वर्ष झालं होतं. परसात तूर भरडताना ती म्हणत होती ती ओवी त्यानं तिला न सांगता मोबाइलवर घेतली होती. तेवढाच तिचा आवाज उरलेला. वर्षभरात आप्पांनी पोराकडं दुसरं काही मागितलं नव्हतं. एकदा तिचा आवाज ऐकव, एवढंच.

येताना गाडीत त्यानं चंदेरी जोडी लावून ती ओवी ऐकली होती. बांगड्या, श्वास, आणि आजवर जात्याच्या घरघरीत बुडालेले शब्द. तालुक्याला, वाशीच्या स्टँडवर उतरल्यावर तो बराच वेळ नुसताच उभा राहिला होता.

कल्याणप्पांनी डोळे उघडले.

"लावलंस का न्हाय आजून?"

ओवी संपत आली होती. कुलदीपनं ती जोडी काढली. दुसरी, काळी जोडी बसवली. हिच्यात खालचे आवाज उगाच फुगतात, बारीक काही उरत नाही, असं त्यानं कालच लिहून टाकलं होतं.

आप्पांचा हात मांडीवर गोल फिरू लागला. सावकाश, जात्यात मूठभर तुरीची वैरण घालायला थांबत, पुन्हा फिरत.

"हाय," ते म्हणाले. "भरडतीय. तुरीचंच हाय."

कुलदीपनं चंदेरी जोडी खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"गाती काय रं?" आप्पांनी विचारलं. "जातं येतंय कानावर. ती न्हाय येत."

ती गात होती,

हाक मारिते दारातून, धनी बघंना वळून
बोल माझे जात्याबाई, तुझ्यात गेले दळून

कुलदीप त्यांच्यासमोर सरकून बसला. आप्पांना ओठ दिसावेत म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाला,

"हाक मारिते दारातून, धनी बघतो वळून. तूर भरडिता जात्याबाई, शीण जातो गळून."

"आनिक एकदा सांग."

त्यानं सांगितलं. या वेळी आवाज जरा चिरकला, पण तो आप्पांना कळायचं कारण नव्हतं.

कल्याणप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"वळत नव्हतो रं म्या."

कुलदीपनं त्यांच्या कानातली काळी जोडी नीट दाबून बसवली.

"लाव परत," आप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.