काटा काढू नका

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. चेहरा गोल, काच ओरखडलेली. माझ्या अंगावर काटा आला असे मी म्हणालो तर हसू नका. माझ्या अंगावर खरोखरच एक काटा आहे आणि माझी सारी मिळकत तेवढीच.

माझी उमेदीची वर्षे एका गॅरेजात गेली. गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या यंत्रावर मी बसलो होतो. मालक माझ्याकडे नजर टाकल्याशिवाय चहालाही जात नसत. पुढे आकडे दाखवणारे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

मला खाली आणले ते मालकांच्या सुनेने. ती घरीच रेडिओ, मिक्सर दुरुस्त करते. मालक आता म्हातारे झाले होते, कानाला यंत्र लावत. पण नवे आणि वापरलेले सेल एकाच डबीत टाकायची त्यांना खोड! संपलेला सेल बसवला की यंत्र मुके व्हायचे. "यंत्रच बाद झालंय, नको मला ते," असे म्हणून ते जेवायलाही एकटे बसू लागले. सुनेच्या जिवाला ते फार लागले. आकड्यांचा मीटर त्यांच्या नजरेला बारीक पडे, म्हणून सेल तपासायला तिने माझी निवड केली.

तिने मला उघडले. माझ्या पोटात एक जाड पट्टी होती. गॅरेजातला दांडगा करंट तिच्यावरून परस्पर जाई, माझ्या वाट्याला चिमूटभर येई. इवल्याशा सेलसाठी ती पट्टी नको होती, म्हणून तिने ती काढून टाकली. मग माझ्या काट्याखाली सरकवायला ती लाल-हिरवा कागद कापू लागली. तेवढ्यात मालक मदतीला आले.

"बाबा, काटा काढू नका हं!" ती मान वर न करताच म्हणाली.

"काढू ना? काढतो की!" मालकांनी चिमटा उचलला.

काटा काढणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नकोच. माझा तर धीरच सुटला.

"अहो बाबा, थांबा!" तिने त्यांचा हात धरला.

"तूच म्हणालीस ना, काढा म्हणून?"

'नका' त्यांना ऐकूच आले नव्हते, हे तिने ओळखले. मग खुणेने तिने त्यांच्या कानातला सेल मागून घेतला. कागद बसवला, तारा जोडल्या आणि पहिलाच तो सेल मला तपासायला दिला. मी लाल रंगातच अडखळलो. डबीतला दुसराही लाल. तिसऱ्याला मात्र मी थेट हिरव्यात गेलो. हुश्श! यंत्र धडधाकट होते, आणि मीही.

मालकांनी तो सेल बसवला. सून स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, "बाबा, काढू का काटा?"

"खबरदार! कामाचा आहे तो. आणि माझं ताट तुमच्याबरोबरच वाढ."

मित्रांनो, तेव्हापासून मी जेवणाच्या टेबलाशेजारी असतो. तुमच्या घरी कुणी ऐकेनासे झाले, तर रागावण्याआधी जरा जवळ जाऊन चौकशी करा. अहो, बिचाऱ्याचा सेल संपलेला असेल.