भीमेच्या बंधाऱ्यावरचा गळका ढापा

मी एक जुना ढापा आहे. हसू नका, मित्रांनो. भीमेच्या बंधाऱ्यावर दोन खांबांच्या खाचांत लोखंडी पत्रा उतरवून पाणी अडवतात, त्याला आमच्याकडे ढापा म्हणतात. माझ्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड.

पावसाळा सरला की मला बसवायचे, पुढच्या पावसाआधी काढून काठावर रचायचे. पहिली काही वर्षे कौतुकाची गेली. मग माझे रबर झिजले, कड वाकली आणि माझे कितीतरी भाऊबंद भंगारात गेले. मला मात्र 'गळका' हे नाव कायमचे चिकटले.

यंदा दोन्ही काठांच्या माणसांनी श्रमदान करून आम्हाला बसवले. कारखान्यातली पाळी उरकून आलेल्या गौतमीने माझ्या फटींत पोती ठासली. "एक थेंब जाऊ द्यायचा न्हाई," ती म्हणाली. मी सुखावलो.

चारच दिवसांनी वरच्या अंगाला अवकाळी पाऊस कोसळला आणि धरणातून पाणी सुटल्याचा निरोप आला. अशा वेळी ढापे निघाले नाहीत, तर नदी बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापते. मग उन्हाळाभर दोन्ही काठांची गावे कोरडी.

सगळे धावत आले. खांबांमधले बाकीचे गाळे मोकळे झाले, पण मधल्या गाळ्यात सर्वांत वर मी होतो आणि मी हलेना. तीच पोती फुगून मला आवळून बसली होती. माझ्याखाली चार ढापे अडकले. जलपर्णी येऊन थटली, दौंडकडच्या काठाची माती ढासळू लागली.

गौतमी खांबावरून पहार घालत होती. "आबा, म्याच ठासलंय हे."

"ते मागनं बोल. आदी पोतं फाड," माझी साखळी धरलेले सोपानराव म्हणाले.

पोते फाटले. मी सुटलो, तसे पाण्याने मला ओढले आणि साखळीबरोबर सोपानराव खांबाच्या टोकाशी घसरले.

"सोडा त्याला, आबा."

"एक ढापा कमी पडंल की गं."

"सोडा म्हंते ना."

त्यांनी सोडले. खरे सांगतो, मला फार राग आला. मग खालचे चौघे एकेक करून निघाल्याचा खणखणाट ऐकला आणि राग निवळला. काठ वाचला होता.

आता पूर ओसरला आहे, बाकीचे ढापे पुन्हा बसले आहेत. मी खाली वाळूत रुतून आहे. मित्रांनो, तुमच्या पायाला इथे लोखंड लागले, तर भंगारवाल्याला बोलवू नका. चौघांनी मिळून मला बंधाऱ्यावर न्या. माझ्या रिकाम्या जागेतून सुटलेले पाणी रात्रंदिवस माझ्याच अंगावरून वाहून जाते आहे.