सामना चालू असताना मी कुठे असतो

आमच्या गावच्या फुटबॉल टीमची मॅच असली की मी आतल्या खोलीत असतो. आजारी असतो म्हणून नाही आणि रुसलोय म्हणूनही नाही. मी पांढऱ्या पायाचा आहे म्हणून. मी बघितलं की टीम हरते, असं आमच्या गल्लीत सगळे मानतात, आणि मानणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या तीर्थरूपांचा.

सुरुवात कशी झाली ते मीच सांगतो, कारण लोक त्यात फार मीठमसाला घालतात. लहानपणी बाबांनी मला मॅचला नेलं, टीम हरली. पुन्हा नेलं, पुन्हा हरली. आता आमची टीम अशी, की कोणाला नेलं काय आणि न नेलं काय, ती हरायचीच. पण हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. पुढच्या वेळी मॅचमध्ये मला लघवीला लागली. मी गेलो आणि इकडे आपले दोन गोल झाले. नाडी बांधत परत येतोय तर बाबांच्या शेजारी बसलेले बेकरीवाले काका म्हणाले, "पोराला जरा तिकडेच थांबवा हो." काका गमतीत म्हणाले असतील. बाबांनी ते मनावर घेतलं.

बाबा शिंपी आहेत. टीमच्या शर्टांवर पाठीमागचे आकडे तेच शिवतात, त्यामुळे ती टीम म्हणजे त्यांना घरचीच पोरं वाटतात. गोलकीपर आडवा पडला की लोक बॉल कुठे गेला ते बघतात, हे शर्ट उसवला का ते बघतात. आमचं पुढे दुकान, मागे घर, आणि मध्ये ती आतली खोली. तिथे कापडाचे तागे, इस्त्रीचं टेबल आणि शेजारच्यांच्या भिंतीकडे तोंड करून असलेली एक खिडकी. मैदान गल्लीच्या टोकाला. मॅचच्या दिवशी बाबा मला तिथे बसवायचे, पुढ्यात शर्टांचा ढीग टाकायचे आणि म्हणायचे, "बटणं लाव, तेवढाच तुझा वेळ जाईल." अर्ध्या गावाच्या छातीवरची बटणं मी लावलेली आहेत. गोल झाला की मैदानातून एक आवाज येतो आणि गोल हुकला की वेगळाच येतो, हे मला बटणं लावता लावता कळलं.

पुढे नोकरी लागली, शहरात आलो, वाटलं सुटलो. कसलं काय. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कोणाच्या तरी इमारतीत दोर तपास, दारं सरळ कर, मध्येच अडकलेल्या आजोबांना बाहेर काढ आणि वर त्यांच्याच शिव्या खा, असं माझं काम. शुक्रवार आला की बाबांचा फोन ठरलेला.

"रविवारी मॅच आहे. मोबाईलवर बघत नाहीस ना?"

"नाही बाबा."

"स्कोअरसुद्धा नको बघूस."

"नाही बघत."

मग मी रविवारची ड्युटी मागून घेतो. लिफ्टच्या खाली एक खड्डा असतो, तिथे नेटवर्क नाही. मॅचच्या वेळेला मी खड्ड्यात उतरतो आणि ग्रीस लावत बसतो. आमच्या साहेबांना वाटतं, पोरगा कामाला वाघ आहे. शहरातल्या इतक्या चकचकीत खड्ड्यांचं श्रेय आमच्या टीमला जातं, हे त्यांना कोण सांगणार.

माझ्या खोलीत दुसरा एक जण राहतो, त्याला आम्ही पोपट म्हणतो. त्याची टीम परदेशातली, बडी, पैसेवाली. ती हरली की पोपट जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून झोपतो. मी त्याला म्हणतो, अरे, तुझ्या टीमला तू जिवंत आहेस की मेलास ते माहीत नाही, निदान माझी टीम मला घाबरून तरी असते. त्यावर तो पांघरूण डोक्यावर ओढतो.

घरी जायचो तेही मॅच नसलेल्या आठवड्यात. गेलो की बाबा कापायच्या टेबलावर मागची मॅच मांडायचे. खडूचे तुकडे म्हणजे आपली पोरं, बटणं म्हणजे समोरचे आणि मोठी कात्री म्हणजे गोल. बॉल कुठून आला, कोणी पाय घातला, रेफरी कसा आंधळा होता, सगळं रंगवून सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण सांगता सांगता ते दर वेळी म्हणायचे, "तू असायला हवा होतास," आणि मग स्वतःच खडू गोळा करायला लागायचे.

मला काही फार मोठं नको होतं. एकदा बाबांच्या शेजारी बसून मॅच बघायची होती. खडूची नाही, खरी.

या वर्षी टीमचं पार पानिपत झालं. शेवटची मॅच उरली तेव्हा परिस्थिती अशी की हरलो तर खालच्या विभागात, बरोबरी झाली तरी वाचलो. बाबांचा फोन आला तो शुक्रवारची वाट न बघता.

"या रविवारी घरी ये."

"बाबा, रविवारी मॅच आहे."

"म्हणून तर ये म्हणतोय."

मी फोन ठेवला आणि पोपटाला मिठी मारली. तो बिचारा दाढी करत होता. साहेबांना सांगितलं की रविवारी येणार नाही, तर त्यांनी विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?" पहाटेची बस पकडली. उभ्यानेच आलो, पण पाय दुखले म्हणून तक्रार केली नाही.

घरी पोचलो तर मशीनवर दोन तिकिटं ठेवलेली. मी अंघोळ केली, बाबांनीच शिवलेला टीमचा जुना शर्ट घातला, पोटावर जरा घट्ट होत होता पण घातला, आणि पुढच्या दुकानात येऊन उभा राहिलो. बाबांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"कुठे निघालास?"

"मॅचला."

बाबांनी उगाचच टेप गुंडाळायला घेतली. "दुसरं तिकीट बेकरीवाल्यांचं आहे," ते म्हणाले. "त्याचं काय झालंय, तू शहरात गेल्यापासून टीमची घसरण चालू आहे. बेकरीवाले म्हणतात, तो लिफ्टचा खड्डा काही कामाचा नाही. पोराला आतल्या खोलीतच बसवा, तेव्हा बरं चाललं होतं."

माझं डोकं सटकलं. "म्हणजे मी एवढ्या लांबून उभ्याने आलो ते बटणं लावायला?"

"एकच दिवस रे."

"दर वेळी एकच दिवस असतो, बाबा."

"आज टीम खाली गेली तर पुन्हा कधी वर येईल सांगता येतं का?"

"मसणात जाऊ दे तुमची ती टीम."

हे बोलायला नको होतं. बाबांच्या तोंडावरचा रंगच गेला. चहा तसाच टाकून त्यांनी मशीनवरचा चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला, तिकिटं खिशात घातली आणि पायऱ्या उतरले. मी आतल्या खोलीत जाऊन ताग्यावर बसलो. रडू येत होतं, आणि या वयात या कारणासाठी रडू येतंय याचा आणखीच राग येत होता.

आई चहाचा कप उचलायला दुकानात गेली होती. तिथूनच तिने हाक मारली.

"अरे, यांचा लांबचा चष्मा इथेच आहे."

बाबांचे चष्मे दोन. एक सुईत दोरा ओवायचा, जवळचा. दुसरा मॅचचा, लांबचा. मशीनवर दोन्ही शेजारी शेजारी पडलेले असतात. आयुष्यात कधी चुकले नसतील, आज रागाच्या भरात दोरा ओवायचा चष्मा घालून मैदानावर गेले होते.

"नेऊन दे," आई म्हणाली.

"मी? मी तिथे पाऊल टाकलं तर..."

"तर काय? तो माणूस तिथे आंधळ्यासारखा बसलाय. तुम्ही दोघेही एकाच माळेचे मणी आहात, तू आणि तुझे बाबा. बघायचं नसेल तर खाली मान घालून जा, पण जा."

गेलो. दारावरच्या माणसाने मला ओळखलं आणि दोन्ही हात आडवे केले. "तू? आज? अरे, आधीच एक गोल खाल्लाय." मी चष्मा दाखवला. त्याने कपाळावर हात मारला आणि सोडलं. मी खाली मान घालून निघालो. लोकांच्या चपला आणि पिशव्या बघत बघत एकेक पायरी चढलो. मैदानाकडे नजर गेली नाही, शपथ.

बाबा नेहमीच्या जागी होते. डोळे बारीक करून समोर बघत बेकरीवाल्यांना विचारत होते, "कोणाकडे आहे? आपल्याकडे आहे का?"

"आपल्याकडे. आता गेला. परत आपल्याकडे," काका म्हणाले आणि त्यांनी मला पाहिलं. दूध उतू जाताना बघावं तसा त्यांचा चेहरा झाला.

मी चष्मा पुढे केला. बाबांनी हात लावून तो कुठला ते ओळखलं. "बरं झालं आणलास," ते म्हणाले. "जा आता. पटकन जा."

मी दोन पायऱ्या उतरलोही. मग थांबलो. का कोण जाणे, पाय पुढे जाईनात.

"मी नाही जात," मी म्हणालो.

"काय?"

"नाही जात. तुम्ही घरी येऊन खडूचे तुकडे मांडता आणि मला म्हणता, तू असायला हवा होतास. आहे मी. इथे उभा आहे. मला तुमच्या शेजारी बसून मॅच बघायचीय, बाबा. लहानपणापासून एवढंच हवंय मला. हरले तर हरू देत."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. बेकरीवाले काका हळूच म्हणाले, "बाळा, आजचा दिवस राहू दे रे. पुढच्या वर्षी बस हवं तर."

बाबांनी एक चष्मा काढला, दुसरा घातला. माझ्याकडे बघत राहिले. समोर मॅच चालू होती आणि चष्मा आला होता, तरी हे माझ्याकडेच बघत होते. मग ते काकांना म्हणाले, "जरा सरका तिकडे."

"अहो, पण..."

"सरका म्हणतो ना."

काका सरकले. मी बसलो आणि मान वर केली.

काय सांगू, मैदान मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं. आणि आमची पोरं किती धापा टाकत होती. खडूचे तुकडे कधी दमत नाहीत ना. बाबा माझ्या कानाशी पुटपुटत होते, तो सात नंबर बघ, डावा पाय आहे त्याचा, तो तीन नंबर, त्याचा आकडा मी परवाच पुन्हा शिवला. समोरच्यांचा एक फटका खांबाला लागून बाहेर गेला तेव्हा आख्ख्या रांगेने मॅच सोडून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता उठवणार. पण ते नुसतेच धरून बसले, आणि घट्ट धरून बसले.

मॅच संपत आली तेव्हा सात नंबरने कोपऱ्यातून बॉल आत टाकला. कोणाच्या तरी डोक्याला लागला, कोणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि जाळ्यात गेला. असला भिकार गोल मी कधी ऐकला नव्हता. आणि तो आवाज, जो मी इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आलो, तो या वेळी माझ्याही तोंडातून निघत होता. बेकरीवाले काका मला मिठी मारून गदागदा हलवत होते. थोड्या वेळाने शिट्टी झाली. बरोबरी. टीम वाचली.

सगळे उभे होते. बाबा तेवढे बसून होते.

"उठा ना बाबा. वाचलो आपण."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "म्हणजे तुझ्या बघण्याने काहीच होत नव्हतं," ते म्हणाले. "मी तुला उगाचच आत बसवला रे."

"जाऊ द्या हो."

"कसं जाऊ देऊ? मी मॅचहून आलो की तू दारात उभा असायचास. काय झालं, काय झालं, करत. आणि मी आधी विचारायचो, बटणं झाली का." त्यांचा आवाज फुटला. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी त्यांच्या शेजारी पुन्हा खाली बसलो.

तेवढ्यात बेकरीवाले काका चारपाच जणांना घेऊन आले. त्यांना नवीन शोध लागला होता. "सगळं कळलं," ते बाबांना म्हणाले. "हा पांढऱ्या पायाचा नाहीच. आपली जागाच चुकत होती. याला दर मॅचला इथेच आणायचा, याच पायरीवर, तुमच्या डाव्या हाताला. हा इथे बसला की आपण हरत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक जण तर मला विचारायलाही लागला, पुढच्या वर्षी रविवारी सुट्टी मिळेल ना.

बाबा उठले. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"नाही," ते काकांना म्हणाले. "तो आला तर इथे बसेल. आपण हरलो तरी बसेल."