शेवटच्या धृपदाआधीचा श्वास

बाबा गेल्यापासून दाराची बेल वाजली तरी तिला दमायला व्हायचं. माणसं यायची, बसायची, आणि निघताना पायात जोडे सरकवता सरकवता हटकून बाबांच्या बँडच्या त्या गाण्याचा विषय काढायची. आमच्या लग्नात त्यावरच नाचलो होतो, असं सांगताना एखाद्याचा पाय ठेका धरायचा, मग आपण कुठे आलोय हे आठवून थांबायचा. तिला राग येत नसे. गाणंच तसं होतं. पंक रॉकचा धसमुसळा वेग, त्यात जमैकाच्या स्का संगीताची उड्या मारायला लावणारी लय, वर पितळी वाद्यांचा गलका. मुडद्यालाही उठवेल, असं बाबाच म्हणायचे. ते वाक्य आता घरात कोणी उच्चारत नव्हतं.

भोंगाकाकांचा फोन आला तेव्हा ती ऑफिसात होती. गाणं नव्याने निघतंय, जुनी टेप साफ केलीय, बाहेर पाठवायच्या आधी ऐकून जा, आणि तू हो म्हटल्याशिवाय काही करणार नाही, असं ते म्हणाले. जीव मेटाकुटीला आला होता, तरी ती गेली.

भोंगाकाका बाबांच्या बँडचे गायक. हे नाव त्यांना खोक्यांच्या कारखान्यात पडलं, कारण यंत्रं चालू असतानाही त्यांची हाक पलीकडच्या टोकाला पोचायची. बाबा त्याच कारखान्यात, शेजारच्याच यंत्रावर. एका सकाळी सगळ्यांना फाटकावरच अडवून सुपरवायझरने सांगितलं, उद्यापासून सुट्टी. काकांनी तेच शब्द उचलून त्यांचं धृपद केलं. ज्यांची नोकरी गेली ती माणसं दातओठ खाऊन ते गायची. पुढे गाणं रेडिओवर गेलं आणि ज्यांना नोकरी होती ते दर शुक्रवारी संध्याकाळी गाऊ लागले. मैदानांवर वाजलं, लग्नांत वाजलं, गाद्यांच्या जाहिरातीतही वाजलं. गादी मात्र कोणी पाठवली नाही, असं काका आजही म्हणत.

स्टुडिओत जाड दार, फोम बाहेर आलेला सोफा आणि डोक्यावर चष्मा ढकललेली एक ध्वनिमुद्रक बाई. काका सोफ्याच्या कडेला अवघडून बसले होते. ते फार वाळले होते.

"शेवटच्या धृपदाआधीचं ऐक," ते म्हणाले.

तो तुकडा तिला काय, साऱ्या जगाला पाठ होता. टेप केली त्या दिवशी ट्रम्पेटवाला आलाच नव्हता. कुठे नवीन काम मिळतंय का बघायला गेला होता. बाबा म्हणाले, मी सांभाळतो. आणि ट्रॉम्बोनवर त्यांनी आपला भाग वाजवला, जिथे एरवी दम खायचा तिथे ट्रम्पेटवाल्याचाही वाजवला. शेवटच्या धृपदाच्या तोंडाशी छातीतली हवा संपली. बाबा थांबले. ड्रमवाल्याला वाटलं, हे आपल्याला न सांगता ठरलंय. म्हणून तोही थांबला. मग गिटार थांबली. त्या शांततेत फक्त बाबांनी घेतलेला श्वास, लांब, घरघरता, आणि त्यावर सगळे एकदम तुटून पडले. पुन्हा वाजवायला स्टुडिओची वेळ उरली नव्हती.

चुकीचं सोनं झालं. त्या फटीत हजारो माणसं एकदम श्वास ओढून उडी मारायची. शाळेच्या बँडमधली पोरं तो श्वाससुद्धा बसवून घ्यायची. एक बाबाच तेवढे लग्नात गाणं तिथवर आलं की पाणी प्यायला उठायचे.

बाईने बटण दाबलं. गाणं धावत आलं, आणि फट आलीच नाही. पहिल्या धृपदातले बाबांचे सूर तिथे नेऊन जोडले होते. कुठे सांधा दिसत नव्हता. ट्रॉम्बोन न थांबता, न दमता, थेट शेवटापर्यंत गेला. बाबांना वाजवायचं होतं अगदी तसं.

"कसं झालंय?" काकांनी विचारलं.

"छान झालंय."

"तुझ्या बापाला जन्मभर खुपत होतं ते. लोक वाहवा करायचे आणि हा मान खाली घालायचा. म्हटलं, जिवंतपणी नाही जमलं, निदान आता तरी नीट करून द्यावं."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तिला तेच जड गेलं. हॉस्पिटलातही बाबा खोकला आला की नर्सचीच माफी मागायचे. उशी सरकवायला कोणी पुढे झालं की, मी सांभाळतो. तीही त्यांचीच लेक. आलेल्या प्रत्येकाला ती हेच सांगत होती, मी सांभाळते आहे. आता मान हलवली की झालं. बाबांची इच्छा पुरी, काकांचं मन राखलं, घरी जाऊन आडवं पडायचं.

"जुनं लावता का?" ती बाईला म्हणाली.

जुनं लागलं. बाबा थांबले. श्वास आला. बाबा गेल्यानंतर घराच्या शांततेत ती नेमकं काय शोधत असते, ते तिला कळलं. बाबांचं बोलणं तर फोनमध्ये साठवलेलं होतं. हे नव्हतं.

"काका, हेच राहू दे."

"अगं, त्याला लाज वाटायची."

"माहीत आहे. वाटू दे." तिचा आवाज फाटला, तशी ती थांबली, आणि पुन्हा हवा भरून म्हणाली, "त्यांचं नीट केलेलं गाणं मला नाही सांभाळता येणार. मला हा श्वास हवाय."

काकांनी तोंडावरून हात फिरवला. बाई खुर्ची फिरवून उगाच तारा गुंडाळू लागली.

"वर गेल्यावर मला धारेवर धरेल तो," काका म्हणाले.

"सांगा, पोरीने ऐकलं नाही."

"ते त्याला नवीन नाही." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, उठताना धाप लागली, ती ओसरेपर्यंत सोफ्याच्या पाठीला धरून उभे राहिले. तिनेही घाई केली नाही. मग ते बाईला म्हणाले, "जोडलेलं काढून टाक. तिथे होतं तसंच जाऊ दे."