तीन वीसची घंटा

कॉलेजात मुलींच्या तक्रारी सलग सहा वर्षं शून्य होत्या. हे शून्य प्राचार्यांच्या केबिनबाहेर फ्रेम करून लावलं होतं आणि त्याच्याच खाली तक्रारपेटी. पेटीत चिठ्ठी टाकणारा हात कुणाचा, हे केबिनच्या काचेतून छान दिसायचं.

खालापूर तालुक्यातल्या या कॉलेजात सुंदराबाई अकरा वर्षं फरशी पुसत होती. मुली तिला मावशी म्हणत. केमिस्ट्रीच्या जर्नलवर सही हवी असली की रोल नंबरप्रमाणे एकेकीला ऋषिकेश सरांच्या स्टोअररूममध्ये जावं लागे. सही नाही तर परीक्षा नाही. मुलींनी मग आपली एक रीत पाडली होती: एकटीनं जायचंच नाही. एक आत, दुसरी उघड्या दाराबाहेर मोठमोठ्यानं गप्पा मारत उभी. आणि सुंदराबाईला नेमकी त्या दारापुढचीच फरशी नेमकी तेव्हाच मळलेली दिसे. सबंध कॉलेजात तेवढी स्वच्छ फरशी दुसरी नव्हती.

हे कुठल्याच कागदावर नव्हतं, म्हणून चालत होतं.

मागच्या साली सोनालीची जोडीदारीण तापानं घरी राहिली. सोनाली एकटी गेली. आठवड्यानं तिनं दाखला काढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘घरगुती’.

यंदा वरून तपासणी यायची म्हणून ‘सुरक्षित परिसर’ योजना निघाली. सचिव, ऋषिकेश सर. कलम एक: मुलींनी व्हरांड्यात विनाकारण उभं राहू नये, आय-कार्ड जप्त होईल. कलम दोन: धोका बाहेरून येतो, सबब सुंदराबाईंनी फरशी सोडून गेटवर बसावं आणि येणाऱ्यांच्या पिशव्या तपासाव्यात. तिला खुर्चीही मिळाली. अकरा वर्षांत पहिली.

“बढती झाली गं तुजी,” वॉचमन काळूराम म्हणाला.

“व्हय तर. उंदीर घरात, आन् मला बसवलंय कुंपनाला.”

दुपारी दहिवलीची दीक्षा गेटवर आली. घरातली सायन्सला गेलेली पहिलीच पोर. जर्नल छातीशी धरलेलं.

“मावशी, आज माझा नंबर. एकतीस.”

“आन् आरोही?”

“ती येते म्हणते. पण तिचं कार्ड एकदा जप्त झालंय, आता घरी पत्र जाईल. मीच नको म्हटलं.”

“मग आज नगं जाऊ.”

“आज चुकलं की नंबर शेवटी लागतो मावशी. सगळे घरी गेल्यावर.”

सुंदराबाईचा हात सवयीनं बादली उचलायला खाली गेला. तिच्याकडे ना फडकं होतं, ना बादली.

गेटवरून स्टोअररूमचं दार दिसायचं. तीन वाजून अठरा मिनिटांनी दीक्षा आत गेली. व्हरांडा रिकामा, अगदी नियमाप्रमाणे. दार उघडं होतं. मग आतून एक हात आला आणि दार लागलं.

“काळूराम, घंटेचा हातोडा दे.”

“तास सुटायला अजून अर्धा तास हाय.”

“दे म्हन्ते ना!”

“नोकरी जाईल गं.”

“माजी जाईल. तू बस खुर्चीवर.”

गेटजवळच्या चिंचेला रुळाचा तुकडा टांगलेला होता. कॉलेजची घंटा तीच; तिचा आवाज गावापर्यंत जायचा. सुंदराबाईनं ती तास सुटल्यासारखी वाजवली नाही. गावात आग लागल्यावर बडवतात तशी बडवली. तीनशे पोरं व्हरांड्यात आली. कलम एक एका मिनिटात मोडलं.

दार उघडलं. दीक्षा बाहेर आली, जर्नल तसंच घट्ट धरलेलं, सहीशिवाय. ती थेट आरोहीपाशी जाऊन उभी राहिली. मागून सर आले, चष्मा पुसत.

“कुठं आग लागलीय?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“म्हाईत नाय सर. लागंल असं वाटलं.”

सर हसले. ते हसणं सुंदराबाईला आवडलं नाही.

संध्याकाळी तिच्या हातात मेमो पडला: अवेळी घंटा वाजवून शिस्तभंग. यापुढं हातोडा स्टोअररूममध्ये कुलपात, ऋषिकेश सरांच्या ताब्यात राहील. तक्रारींच्या अहवालात त्या दिवसापुढं शून्य आलं. आणि बोर्डावर एक ओळ: क्रमांक एकतीस, उद्या, सायंकाळी पाच.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई वेळेआधीच आली. पिशवीत भाकरीचा डबा होता आणि डब्याखाली घरच्या खलबत्त्याचा लोखंडी बत्ता. पिशव्या तपासायचं काम तिचंच. तिनं स्वतःची तपासली, आत सोडली, आणि चिंचेखाली, टांगलेल्या रुळापाशी खुर्ची ओढून पाच वाजायची वाट बघत बसली.