पिटुकलीचं वजन

सफरताईंनी आफ्रिका कधी पाहिली नव्हती, पण तिथले सिंह किती वाजता पाण्यावर येतात ते त्यांना तोंडपाठ होतं. पर्यटन कचेरीतल्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आधी सहा दिवस जंगल, मग चार दिवस समुद्रकिनारा, हे त्यांचं काम. एका बाबतीत मात्र त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. जंगलातून किनाऱ्यावर नेणारं विमान अगदी इवलंसं असतं. त्यासाठी प्रत्येक प्रवाशाचं वजन आधी कळवावं लागतं. ते वजन ताई स्वतः टेबलाशेजारच्या काट्यावर करून घेत.

त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी एक नवरदेव काट्यावर चढला आणि काटा हललाच नाही. ताईंनी काट्याला नावं ठेवली, अंदाजाने सत्तर लिहिलं आणि मोकळ्या झाल्या. नवरी किनाऱ्यावरून पांढऱ्या कपाळाने एकटीच परत आली. तेव्हापासून अंदाजाच्या बाबतीत त्यांनी कानाला खडा लावला होता.

त्या दुपारी आई, बाबा आणि सात वर्षांची पिटुकली आली. बाबा एक्क्याऐंशी भरले, आई अठ्ठावन्न. पिटुकली टुणकन उडी मारून काट्यावर चढली. काटा शून्यावरच राहिला.

ताईंच्या काळजात धस्स झालं.

"हिला जरा कडेवर घेऊन उभ्या राहा बरं," त्या आईला म्हणाल्या.

अठ्ठावन्न.

"काटा बिघडलाय तुमचा!" बाबा हसले. ताईंनी काट्यावर आपली पर्स ठेवली. काटा निमूटपणे दोन किलोवर गेला.

"समुद्र काढून टाकू या," ताई एकदम म्हणाल्या. "नुसतं जंगल करा."

"अहो, समुद्रासाठीच तर चाललोय! पोहण्याचा पोशाख आत्तापासून अंगात घालून फिरतेय ही."

पिटुकलीने कॉलर ओढून निळा पट्टा दाखवला.

मग ताईंनी नवरदेवाची हकिगत सांगितली. ऐकून आईचा चेहरा उतरला आणि बाबांचा पारा चढला. "फिरायला निघालेल्या माणसांशी असं अभद्र बोलता?" आवाज ऐकून मालक आतून धावत आले. "अहो ताई, अठरा लिहा आणि विषय संपवा!"

ताईंनी पेन उचललं. ते तसंच खाली ठेवलं. "मी नाही लिहिणार."

तिघं तरातरा निघून गेली. मालकांनी ताईंना फैलावर घेतलं, पण पोर वाचली या विचाराने ताईंचा जीव भांड्यात पडला होता.

महिन्याभराने त्यांना राहवेना. माफी मागायच्या निमित्ताने त्यांनी आईला फोन लावला.

"राग कसला, ताई! तुमच्या समोरच्या कचेरीत ठरवलं आम्ही सगळं. विमानतळावरच आहोत आत्ता."

ताईंनी विचारलं, "आणि वजन?"

"त्या कचेरीत काटाबिटा काही नाही. नुसतं विचारतात. हिचं अंदाजे अठरा सांगितलं." आईने आवाज खाली आणला. "खरं सांगू का? हल्ली झोपलेली उचलून पलंगावर ठेवते ना, तर हातांना काही जाणवतच नाही. उंच व्हायला लागली की मुलं हलकीच लागतात, नाही का हो?"

पलीकडे विमानाची सूचना सुरू झाली.

"पिटुकले, ताईंना टाटा कर," आई म्हणाली.

"टाटा!"