चौथी पायरी

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. तळहाताएवढा, काळापांढरा, एका कोपऱ्याला दुमडलेला. पण माझी गोष्ट सांगण्याआधी एक हिशेब मांडतो. मी कुठे काढला गेलो हे शोधून काढायला आत्याचा भाचा तयार झाला, त्यात त्याचा फायदा काय होता? तर रविवारची दुपारची झोप. जेवण उरकून तो जरा लवंडला, की आत्या मला घेऊन नेमकी त्याच्या उशाशी येऊन बसायची. "बघ ना रे, कुठलं असेल हे?" एकदाचं शोधून टाकलं की आपण सुटलो, असा त्याचा साधा व्यवहारी विचार होता. माणसं मोठी कामं बहुधा अशाच लहानशा लोभापायी अंगावर घेतात.

माझा जन्म एका फिरत्या फोटोग्राफरच्या तीन पायांच्या पेटीत झाला. डोक्यावर काळं कापड घेऊन तो ओरडला, "हलू नका!" आणि मुलगी हलली. म्हणून तिचं एक पाऊल माझ्यात आजही पुसट आहे. मग लाल दिव्याच्या खोलीत, औषधाच्या पाण्यात मी डोळे उघडले. आधी आईचे काळेभोर केस उमटले, मग दगडी पायऱ्या. मुलीचा पांढरा फ्रॉक मात्र मला उमटवावाच लागला नाही. तो म्हणजे माझाच कोरा कागद.

माझ्यात काय काय आहे ते नीट ऐकून ठेवा. एक दार, त्याला पाच पायऱ्या. शेजारच्या भिंतीत एक लोखंडी कडी. आई खाली रस्त्यावर उभी आहे. कडी तिच्या कोपराशी येते आणि कडीला तिची कापडी पिशवी टांगलेली आहे. मुलगी चौथ्या पायरीवर बसून आईच्या खांद्याला डोकं टेकून आहे. तिच्या हाताशी पायरीचा कंगोरा तुटलाय, कुणी बिस्किटाचा घास घ्यावा तसा. अगदी कडेला कसल्याशा काड्या असलेली अर्धगोल वस्तू दिसते. आणि पाठीवर? पाठीवर काही नाही. एक अक्षर नाही. माझं सगळं दुःख तिथेच आहे, मित्रांनो.

मुलीचे वडील आधीच गेलेले होते. वर्षभरात आईही आजारी पडली आणि दवाखान्यातून परत आलीच नाही. मुलीचा मामा परगावाहून आला तो थेट दवाखान्यात, आणि तिथूनच भाचीला घेऊन गेला. बहिणीचं घर त्याने कधी पाहिलंच नव्हतं. शहर कुठलं ते ठाऊक, गल्ली ठाऊक नाही, आणि मुलगी पत्ता सांगण्याएवढी मोठी नव्हती. मी मुलीच्या फ्रॉकच्या खिशात होतो.

मामाने मला चौकट केली, घड्याळाशेजारी टांगलं. ते माझे मानाचे दिवस. आल्यागेल्याने वर बघावं आणि म्हणावं, "डोळे अगदी आईचे हो!" पुढे मामाच्या मुलाचं लग्न झालं, वहिनी घरात आल्या; आपला भाचा तो यांचाच मुलगा. त्याच सुमारास तो टायपिंगची परीक्षा पास झाला. प्रमाणपत्र टांगायला चौकट हवी होती. नवी कोण आणतो? माझ्याच चौकटीत, माझ्याच तोंडावर ते बसवलं. किती वर्षं गेली सांगता येणार नाही, अंधारात कॅलेंडर नसतं. पण कुणाचं देणं ठेवू नये म्हणून कबूल करतो: भिंतीवरचे बाकीचे फोटो उन्हाने पिवळे पडले, मला त्या प्रमाणपत्राने सावलीत ठेवलं. दुर्लक्षाचाही कधीकधी फायदा होतो.

एका साफसफाईत काच फुटली आणि मी पुन्हा आत्याच्या हाती आलो. फोटोतली मुलगी, म्हणजे हीच आत्या, तोवर टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाली होती, आणि कामासाठी म्हणून हे कुटुंबही केव्हाच माझ्या जन्माच्या त्याच शहरात येऊन राहिलं होतं. आत्याने लग्न केलं नव्हतं. मामाच्या घराने तिला कधी उणं पडू दिलं नाही. पण तिथलं ताट मामीचं, खोली भावाची, खिडकी वहिनींची. आपलं म्हणावं असं घर तिच्याकडे एकच होतं, आणि ते माझ्यात होतं.

"आयुष्यभर लोकांचे नंबर जोडून दिले रे," ती भाच्याला म्हणाली. "माझाच लागत नाही."

वहिनी पलीकडे भाजी निवडत होत्या. "वन्सं, वाईट वाटून घेऊ नका, पण तो पडदा आहे. स्टुडिओत असायचे तसे रंगवलेले. माझ्या मावशीच्या फोटोतही अश्शाच पायऱ्या आहेत, आणि तिच्या घराला पायरी नावाला नव्हती."

"पडदा?"

"नाहीतर काय. कडी काय, दार काय, रंगवायला कितीसं लागतं?"

आत्याने मला पालथं केलं आणि माझी कोरी पाठ पाहिली. मी रंगवलेला निघालो, तर तिला घर कधी नव्हतंच.

रविवारी सकाळी भाचा मला घेऊन शहराच्या जुन्या वाचनालयात गेला. तिथे गावाच्या इतिहासाची एक वेगळी खोली आहे आणि ती सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी मला भिंगाखाली धरलं. इतक्या जवळून मला कुणी पाहिलं नव्हतं, मी जरा लाजलोच.

"हे कडेला काय आहे?"

"पंखा असेल," भाचा जांभई देत म्हणाला.

"पंख्याला खाली वाकडी मूठ असते का हो? छत्री आहे ती. पत्र्याची, दुकानावर लावलेली. कपाटातला तो लांबडा नकाशा काढा. जांभई नंतर द्या."

नकाशा निघाला, जुनी व्यापाऱ्यांची सूची निघाली. शहरातले सगळे छत्रीवाले एकाच गल्लीत होते, मंडईच्या मागे. "आता तिथे छत्री मिळायची नाही," बाई म्हणाल्या. "पण भिंती कुठे जातात?"

भाचा लगेच गल्लीत गेला. फोनची दुकानं, झेरॉक्स, इस्त्रीवाला. एकूण एक दार त्याने पाहिलं. कुठे दोन पायऱ्या, कुठे एकही नाही. एका दारात तर उलट एक पायरी उतरून जावं लागत होतं. पाच पायऱ्यांचं दार काही नव्हतं. घरी आला तो वाक्य तयार करूनच. "आत्या, आई म्हणते तेच खरं असेल. पडदाच तो."

"पडद्यावर छत्रीचं दुकान?"

"कुणी काहीही रंगवतं," वहिनी म्हणाल्या.

आत्याने मला रुमालात गुंडाळलं. "गल्ली तू बघितलीस. मला कुठे दाखवलीस?"

झोपेची आणखी एक दुपार गेली. पुढच्या रविवारी तिघं निघाली. वहिनीही आल्या, "पडदा बघायला." गल्लीच्या मध्यावर मागून एक हातगाडी भरधाव आली, भाच्याने भिंतीकडे उडी मारली आणि केकाटला, "आई गं!"

"काय झालं रे?"

"कडी! गुडघा फुटला माझा. इतक्या खाली कडी लावणारा शहाणा कोण?"

आत्या थांबली. तिने मला बाहेर काढलं. एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "कडी तीच दिसते. पण ही आईच्या कोपराशी आहे."

"मग दुसरी असेल," वहिनी म्हणाल्या. "कडी काय खाली सरकते?"

"कडी नाही सरकली, वहिनी." आत्याचा आवाज एकदम टेलिफोनवरचा, स्वच्छ झाला. "आपण वर आलोय. रस्ता वर आलाय."

शेजारच्या दारात चष्म्याचं दुकान होतं. दुकानदार गंमत बघत उभा होता. "अगदी बरोबर बोललात, बाई. जुनं उकरत नाहीत, दरवेळी आहे त्याच्यावरच नवा थर टाकतात. माझे वडील सांगायचे, त्यांच्या वेळी गिऱ्हाईक धापा टाकत वर यायचं. आता घरंगळत येतं."

दाराला दोनच पायऱ्या होत्या. भाचा गुडघा चोळत हिशेब करू लागला. पाचातल्या तीन डांबराखाली. म्हणजे आज जी पहिली, ती मुळातली चौथी. त्याचं बोलणं संपायच्या आत आत्या वाकली होती. तिने पायरीच्या कडेवरून बोटं फिरवली आणि एका जागी ती आत गेली. बिस्किटाचा घास. दगड झिजला होता, पण घास तसाच होता.

आत्या बसली. दुकानदाराने आतून उशी आणली, ती तिने घेतली नाही. "दगडच बरा," म्हणाली.

वहिनींनी पायरीवर हाताने दोनदा थापटून पाहिलं. "पडदा चांगलाच दणकट आहे हो, वन्सं." मग त्या म्हणाल्या, "सरका थोडं," आणि शेजारी टेकल्या. पूर्वी जिथे एक खांदा होता, तिथे पुन्हा एक खांदा आला. आत्याने डोकं टेकलं. भाच्याने फोनवर फोटो काढला, आणि या वेळी कुणी हललं नाही.

परतीच्या वाटेवर वहिनी दर दाराच्या पायऱ्या मोजत होत्या. मग मुलाला म्हणाल्या, "अरे, मावशीच्या घराला पायऱ्या नव्हत्या, पण ते मी बघितलं तेव्हा. त्याआधी असतील की!"

"आई, नको."

"एक रविवार रे फक्त."

आता माझ्या पाठीवर आत्याच्या अक्षरात चार ओळी आहेत: कोण, कुठे, केव्हा, आणि कितवी पायरी. मित्रांनो, घरातल्या जुन्या फोटोंना उन्हात टांगू नका, कडेने धरा, आणि सांगणारं माणूस घरात आहे तोवर त्यांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. तुमच्या फोनमधल्या फोटोंना पाठच नसते. मग निदान कुणाला तरी तोंडाने सांगून ठेवा.

राहिला शेवटचा हिशेब. आत्याला घर मिळालं. चष्मेवाल्याला गिऱ्हाईक मिळालं, कारण ती आता त्याच पायरीवर बसून चष्मा दुरुस्त करून घेते. वहिनींना मावशीच्या पायऱ्या मिळाल्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका गॅरेजखाली. शेजाऱ्यांनाही बातमी लागली, तेही आपापले फोटो घेऊन येतात. आणि या सगळ्याची किंमत भरली भाच्याने. रविवारी जेवण झालं की तो भिंग खिशात टाकतो, शीळ घालत वाचनालयाच्या वाटेला लागतो, आणि त्याची उशी दुपारभर गार पडलेली असते.